पुढच्या दोन दातांतली फट

पाकीट आलं तेव्हा माझ्या हातात कुणाचा तरी खालचा जबडा होता. मेणाचा. तेरा दात बसवून झाले होते, डावीकडची शेवटची दाढ तेवढी राहिली होती, आणि मेण मऊ आहे तोवरच ती बसवायची असते. दारावर थाप पडली. पोस्टमनने सही मागितली. मी जबडा डाव्या हातात धरून उजव्या हाताने सही केली आणि तो जबड्याकडे बघत राहिला. "खोटा आहे," मी म्हटलं. "ते दिसतंय," तो म्हणाला, पण एक पायरी खाली सरकला. मी हसतच आत आले, हसतच पाकीट फोडलं. प्राप्तिकर कार्यालय. आकडा वाचला. मग वरचं नाव वाचलं, कारण असा आकडा माझा असणं शक्यच नव्हतं. नाव माझंच होतं. मागच्या वर्षीच्या उत्पन्नावरचा उरलेला कर, तीस दिवसांत भरावा. मी खुर्चीत बसले आणि कितीतरी वेळाने माझ्या लक्षात आलं, की जबडा अजून हातातच आहे आणि मी तो इतका घट्ट धरलाय की पुढचे चार दात वाकडे झालेत. माणूस घाबरला की दातखीळ बसते म्हणतात. माझी बसली ती दुसऱ्याच कुणाच्या तरी जबड्यात.

मी कवळ्या करते. दंतरुग्णालयातून प्लास्टरचे साचे येतात, सोबत एक चिठ्ठी येते, वरची की खालची, रंग कुठला, आणि मी त्या माणसाला न बघता त्याचे दात घडवते. तीस वर्षं हेच करते आहे. माणसं मला कधी दिसत नाहीत, दिसतात त्या त्यांच्या रिकाम्या हिरड्या, आणि हिरडीवरून माणसाबद्दल बरंच कळतं, पण ते असो. यातली पहिली काही वर्षं रुग्णालयातच गेली, पुढची तेवीस वर्षं मी हे काम दादाच्या घरी केलं, मागच्या गॅलरीत, धुण्याचं मशीन आणि खिडकी यांच्या मधल्या जागेत. दादा माझा मोठा भाऊ. वाईट माणूस नाही. वाईट असता तर मी कधीच निघाले असते. वहिनीही वाईट नाही. फक्त कवळीच्या गुलाबी प्लास्टिकला एक वास असतो, तो तिच्या स्वयंपाकात उतरतो असं ती म्हणायची, एकदाच म्हणाली, हसून म्हणाली, आणि त्या दिवसापासून मी तिचा स्वयंपाक चालू असताना कधी काम केलं नाही. तिचं आवरलं की मी बसायचे, तिचं सुरू झालं की मी उठायचे. तेवीस वर्षं. कुणी मला ऊठ म्हटलं नाही. कुणी बस असंही म्हटलं नाही. पाहुणे आले की मी साच्यांवर टॉवेल टाकायचे, कारण पाहुण्यांना दात बघून कसंतरी होतं. चोपन्नाव्या वर्षी मी या दोन खोल्या घेतल्या, भाड्याने, तिसऱ्या मजल्यावर, उत्तरेचा उजेड असलेल्या. दातांचा रंग जुळवायला उत्तरेचा उजेड लागतो. पहिल्या सकाळी मी सहा जबडे जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडले आणि त्यांच्याच शेजारी बसून नाश्ता केला. इतकी मजा मला आयुष्यात कशाची वाटली नव्हती. आणि आता या पाकिटातला आकडा मी घरमालकिणीकडे ठेवलेल्या अनामतीहून थोडासाच जास्त होता. म्हणजे हिशेब सरळ होता. खोल्या सोडायच्या, अनामत परत घ्यायची, ती सरकारला द्यायची आणि आपण गॅलरीत परत जायचं.

हे पैसे आले कुठून, तेही सांगते, कारण मी लॉटरी जिंकले नव्हते. सात वर्षांपूर्वी आम्हा कवळी करणाऱ्यांचा दर वाढला, कागदावर. रुग्णालयाचा हिशेब विभाग म्हणाला, मंजुरी येईपर्यंत जुन्याच दराने घ्या, फरक नंतर देऊ. मी दर महिन्याला खिडकीशी जाऊन दाताच्या कण्या केल्या. तिथला कारकून निवृत्त झाला, दुसरा आला, तोही बदलून गेला, तिसरा आला, आणि सहा वर्षांनी एका दिवशी सगळा फरक एकदम खात्यात जमा झाला. त्याच आठवड्यात मी खोल्या बघितल्या. कराचा फॉर्म मी स्वतःच भरला, दरवर्षी भरते तसा. त्यात या खेपेला एक रकाना होता: 'हे उत्पन्न कोणत्या वर्षांतील कामाचे?' मी तो रिकामा सोडला. आता कुणालाही वाटेल, बाई निष्काळजी. तसं नाही. आमच्या रुग्णालयाच्या चिठ्ठीवर रकाना रिकामा असला तर त्याचा अर्थ 'पूर्वीप्रमाणेच'. रंगाचा रकाना रिकामा म्हणजे जुन्या कवळीचा होता तोच रंग. मापाचा रिकामा म्हणजे जुनंच माप. तीस वर्षं मी रिकामे रकाने तसेच वाचत आले, आणि तसाच एक रिकामा ठेवला: काम जुनं, पूर्वीप्रमाणेच. कर खात्याने तो त्यांच्या पद्धतीने वाचला. रिकामा म्हणजे सगळं याच वर्षीचं. म्हणजे सहा वर्षांत थेंब थेंब पडलेलं पाणी एका दिवसात कोसळलं असं धरून त्यांनी मला श्रीमंतांच्या रांगेत नेऊन उभं केलं. नाकापेक्षा मोती जड.

दादाला फोन केला ही माझी चूक. किंवा सवय. त्याने सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही बोलला नाही, आणि शेवटी इतक्या मायेने बोलला की मला रडूच आलं. "हे बघ, भरून टाक आणि मोकळी हो. मी आहे ना. गॅलरी तशीच आहे." मी म्हटलं, तिथे जाऊन विचारते तरी, जुन्या वर्षांचे पैसे जुन्या वर्षांत धरता येतात असं मागच्या पानावर छापलंय. "छापलेलं असतं गं. कशाला खाजवून खरूज काढतेस? उद्या मागच्या दहा वर्षांचं उकरून काढतील." मागून वहिनीचा आवाज आला, "म्हणावं, मशीन आम्ही थोडं सरकवून घेऊ." फोन ठेवल्यावर मला जे वाटलं ते सरळच सांगते: मला बरं वाटलं. एक क्षणभर, एखाद्या थकलेल्या माणसाला खुर्ची दिसावी तसं. आणि त्या बरं वाटण्याचीच मला भीती वाटली. खोल्या जातील याची वाटत होती त्याहून जास्त. कारण मला कळलं की मी परत जाऊ शकते. पंधरा दिवसांत मला सवय होईल, महिन्याभरात मी वहिनीच्या भांड्यांचा आवाज ऐकून हात आवरायला लागेन आणि इथला उजेड मला कुणी सांगितलेल्या गोष्टीसारखा आठवेल. मी वाकडे झालेले चारही दात उपटून काढले, मेण पुन्हा गरम केलं आणि पहिल्यापासून बसवायला घेतले.

कार्यालयात मी माझी वही घेऊन गेले. रुग्णालयाने मला एका ओळीचं पत्र दिलं होतं, 'सर्व थकबाकी एकरकमी अदा केली आहे', बस्स, वर्षांचा उल्लेख नाही, फोड विचारली तर जुने कागद गोदामात गेलेत म्हणाले. वही मात्र माझी आहे. प्रत्येक कवळीला मी एक नंबर देते. कागदाच्या बारीक पट्टीवर लिहून ती पट्टी आतल्या बाजूला पारदर्शक प्लास्टिकखाली बसवते, कवळी काढल्याशिवाय दिसत नाही. तोच नंबर वहीत, पुढे महिना, वर्ष आणि दोन शब्द कामाबद्दल. नाव नाही. नाव मला कुणी सांगत नाही आणि मी कधी विचारत नाही. दातांचं एक पथ्य असतं: ते कुणाचे, हे बोलायचं नाही. गल्लीत, लग्नात, रांगेत मला माझं काम कुठे दिसलंच तर मी दुसरीकडे बघते. दोन तास बाकावर बसल्यावर मला आत बोलावलं. खोलीत दोन टेबलं. एकावर एक तरुण कारकून मुलगी टाइप करत होती, दुसऱ्यावर साहेब. साठीला टेकलेले, स्वच्छ शर्ट, चष्मा कपाळावर. मी बोलायला लागले. सहा वर्षं, नवा दर, मंजुरी, रिकामा रकाना. ते माझ्या वहीची पानं उलटत होते, फार भरभर, बोटाला थुंकी न लावता, सफाईने. मग म्हणाले, "बाई, ही वही तुम्हीच लिहिलीय."

"हो. मग कोण लिहिणार?"

"म्हणजे ही तुम्ही काल बसून लिहिली नाही कशावरून?"

मुलगी टाइप करायची थांबली. आणि मी, ज्या वेळी मला राग यायला हवा होता, त्या वेळी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. सवयच आहे, मी माणसाच्या डोळ्यांकडे बघतच नाही. वरच्या पुढच्या दोन दातांमध्ये फट होती. अर्ध्या मिलिमीटरची, वर किंचित रुंद, खाली मिटत आलेली. उजवीकडचा दात शेजारच्याच्या पाठीमागे जरासा लपलेला. रंग तीन नंबरचा, कडेला मी ब्रशने पिवळसर झाक दिलेली. माझे दात. कवळीत फट कुणी मागत नाही. तीस वर्षांत एकाच माणसाने मागितली होती. लोकांना आयुष्यभर ज्यांची लाज वाटली ते दात एकदाचे गेलेले असतात, त्यांना सरळ पांढरी रांग हवी असते, सिनेमातली. आणि त्या एका चिठ्ठीवर डॉक्टरांनी वैतागून लिहिलं होतं की रुग्ण फट मागतो, समजावून झालं, ऐकत नाही. मी ती फट काढायला चार दिवस घातले होते, गॅलरीत, उठत-बसत. केसभर जास्त झाली तर शीळ वाजते, कमी झाली तर घाण अडकल्यासारखी दिसते. त्या फटीचं पुढे काय झालं हे मला कधीच कळलं नव्हतं. आणि आज ती माझ्यासमोर होती, शीळ न वाजवता, स्पष्ट उच्चारात, माझ्याच विरुद्ध बोलत होती. "पुरावा म्हणून हे चालणार नाही," माझे दात म्हणाले. 'स'सुद्धा स्वच्छ येत होता. मला इतका अभिमान वाटला की मी त्यांचं पुढचं वाक्य ऐकलंच नाही.

मग राग आला, उशिरा आला पण सगळा एकदम आला. काल बसून लिहिली! ज्या माणसाच्या तोंडात माझे चार दिवस बसलेत त्याने हे विचारावं. जिभेच्या टोकावर आलं होतं: साहेब, कवळी काढा आणि बघा. एवढं म्हटलं की संपलं. टेबलावर दात, मुलीचा हात तोंडावर, दुपारपर्यंत सगळ्या मजल्यावर बातमी. त्यांच्या बोलण्यात, बसण्यात असा एक ताठा होता की या इमारतीत कुणालाच ठाऊक नसणार. फटीमुळेच ठाऊक नसणार. फट असलेले दात खोटे असतील असा संशय कुणाला येणार? माझं काम इतकं चांगलं होतं म्हणून तर ते सुखाने माझ्यावर संशय घेऊ शकत होते. मला गॅलरी दिसली, टॉवेलखालचे साचे दिसले, सरकवलेलं मशीन दिसलं. आणि तरीही तोंडातून ते निघेना. चांगुलपणा म्हणून नाही. मी काही संत नाही, मी दात धरणारी बाई आहे, हिशेब विभागातल्या तिन्ही कारकुनांवर मी अजून दात धरून आहे. पण त्या माणसाला मी अख्खं तोंड दिलं होतं, कुणाला कळणार नाही असं. ते मीच टेबलावर काढून ठेवलं असतं, तर माझं तीस वर्षांचं कामच खोटं ठरलं असतं. खोल्या वाचवायला तेच विकून मी खोल्यांत करणार काय होते?

"साहेब," मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, इतका शांत होता. "या गावातल्या निम्म्या कवळ्या त्या रुग्णालयातल्या आहेत. मी केलेल्या प्रत्येकीच्या आत नंबर असतो. वही काल लिहिलेली असेल, पण लोकांच्या तोंडातले नंबर मी काल जाऊन बदललेले नसणार. तुमच्या ओळखीत कुणी असेल, कुणीही, घरातलं, बाहेरचं. मला नाव नको. कोण आहे ते मला कळायचीही गरज नाही. फक्त नंबर आणा. मी नोंद दाखवते. जुळली नाही तर मी आजच सगळा कर भरते."

हे बोलताना मी खिडकीकडे बघत होते. मुद्दाम. मग खुर्ची सरकली. "आलोच," साहेब म्हणाले आणि बाहेर गेले. मुलीने विचारलं, "खरंच आतमध्ये नंबर असतो?" मी म्हटलं, असतो. "माझ्या आजीचीपण तिथलीच आहे," ती म्हणाली आणि पुन्हा टाइप करायला लागली. बाहेर कुठेतरी नळ सुटल्याचा आवाज आला, बराच वेळ चालू राहिला, बंद झाला. साहेब परत आले. ओठांच्या कडेला पाण्याचा एक थेंब राहिला होता. त्यांनी एका चिठोऱ्यावर चार आकडे लिहिले आणि माझ्याकडे न बघता टेबलावरून सरकवले. मी वही उघडली. पान सापडायला मला वेळ लागला नाही. मोठ्याने वाचणार होते, तेवढ्यात नोंद पाहिली आणि तोंड मिटलं. वही फिरवून त्यांच्यापुढे धरली आणि फक्त ओळीखाली बोट ठेवलं. चार वर्षांपूर्वीचा महिना. 'वरची पूर्ण. रंग तीन. पुढच्या दोघांत फट. डॉक्टर नको म्हणतात. कारण: म्हणतो, बायकोने ओळखायला हवं. रुग्ण हट्टी.'

त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. 'हट्टी'वर त्यांचं बोट थोडं थांबलं. आणि ते हसले, आवाज न करता, पूर्ण तोंड उघडून, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा माझं काम हसताना समोरून पाहिलं. उत्तरेचा उजेड नव्हता, पिवळा बल्ब होता, तरी रंग जुळला होता. "ओळखलं तिने," ते हळूच म्हणाले. एवढंच. मग घसा खाकरून मोठ्या, सरकारी आवाजात, मुलीला ऐकू जाईल असं: "बाई, एका नोंदीने सहा वर्षं सिद्ध होत नाहीत." मी म्हटलं, नाहीच होत. "मी या वहीतून दहा नंबर निवडतो, माझ्या मनाने. कवळी बसवताना रुग्णालयात तिचा नंबर आणि तारीख रुग्णाच्या फायलीत उतरवून घेतात. हिशेबाचे कागद गोदामात जातात, रुग्णाच्या फायली जात नाहीत. पत्र आजच लिहितो. जुळले तर प्रत्येक वर्षाचं त्या त्या वर्षात धरू. नियम तसाच आहे. कुणी मागत नाही म्हणून देत नाहीत." त्यांनी दहा नंबर निवडले, खरोखर वाकडेतिकडे निवडले, पहिल्या वर्षातले तीन, शेवटचे दोन, एक तर खाडाखोड झालेला. मला ते आवडलं. फुकटचं काही मला नकोच होतं.

मधल्या वीस दिवसांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. काम केलं. अनामतीचा कागद कपाटातून काढला, परत ठेवला. दादाने दोनदा फोन केला, मशीन सरकवलं म्हणून सांगितलं. दहापैकी एखादा जरी चुकला तर, असं मनात यायचं, आणि मग मी स्वतःलाच दटावायचे: चुकेल कसा? हे नंबर मी तेव्हा लिहिले जेव्हा ते कुणी वाचणार आहे असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. एकविसाव्या दिवशी आदेश आला. पोस्टमन तोच होता, या खेपेला त्याने लांबूनच पेन पुढे केलं. मी दारातच उभ्याने फोडलं. दहाच्या दहा जुळले होते. खाडाखोड झालेलासुद्धा. सहा वर्षांत वाटून कर राहिला तो मी महिन्याला मेणावर आणि प्लास्टरवर घालवते तेवढा. मी ओरडले. खरंच ओरडले, तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात, चोपन्न वर्षांची बाई, आणि पोस्टमन पुन्हा एक पायरी खाली सरकला. मला नाचता येत नाही, तरी मी दोन्ही खोल्यांतून एक फेरी मारली, भिंतींना हात लावत. माझ्या भिंती. भाड्याच्या, पण माझ्या. कुणी दिल्या नव्हत्या, कुणी सरकून जागा केली नव्हती. तीस वर्षं अंधारात, लोकांच्या जिभेपाशी मी जे बारीक अक्षरात लिहीत आले, ते खरं होतं, आणि तेवढं पुरलं होतं. मी जिंकले होते आणि कुणाचंही तोंड उघडं न पाडता जिंकले होते. त्या दिवशी मी दुपारभर काहीच केलं नाही, नुसती खिडकीत बसून उजेड बघत राहिले.

संध्याकाळी दादाला फोन केला. त्याने उचलताच विचारलं, "काय, टेम्पो कधी पाठवू?"

"टेम्पो नको. दादा, रविवारी जेवायला या. दोघंही."

मागून वहिनीने विचारलेलं मला ऐकू आलं, काय म्हणतेय? "जेवायला बोलावतेय," तो तिला म्हणाला, आणि मग मला, "कुठे?"

"माझ्याकडे."

मी काही समजावलं नाही, आकडा सांगितला नाही, आदेश वाचून दाखवला नाही. पलीकडे खण उघडल्याचा आवाज आला, तो कागद शोधत होता. सात महिने झाले होते मला इथे येऊन. "थांब, लिहून घेतो," तो म्हणाला. "पत्ता सांग."

मी सावकाश, एक एक शब्द सुटा करून पत्ता सांगितला, आणि त्याच्याकडून परत वाचून घेतला.